खिशातली टॉर्च ऐनवेळी पेटत नाही: बिघाड कुठे असतो आणि तो परत का येतो

तक्रार ठरलेली आहे. टॉर्च रोज खिशात असते, लागते क्वचित. लाईन गेली किंवा गाडीखाली पडलेली किल्ली शोधायची आहे म्हणून बटण दाबावं तर काहीच नाही, किंवा क्षणभर लुकलुकून बंद. झाकण उघडून सेल काढून परत घातला की पेटते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

सेल काढून घातल्यावर ती पेटते ते सेलमुळे नाही. झाकण फिरताना आटे एकमेकांवर घासतात, त्यांच्यावरचा मळाचा काळा थर थोडा खरवडला जातो आणि विजेला वाट मिळते. थर मात्र तिथेच असतो, म्हणून बिघाडही तिथेच राहतो. एलईडी जळण्याचं प्रमाण इतकं कमी आहे की तो संशय अगदी शेवटी घ्यावा. आधी सेल, मग मागचं झाकण, मग आटे बघा. आणि टॉर्च ज्या खिशात राहते तो खिसाही बघा, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे सापडतं.

खालचं सगळं एका सेलवर चालणाऱ्या, ॲल्युमिनियमच्या छोट्या टॉर्चबद्दल आहे: एएए, एए, १४५०० किंवा १८६५० सेलवाली (शेवटचे दोन आकडे लिथियम-आयन सेलची मापं आहेत). आत सेल बंद करून टाकलेल्या प्लास्टिकच्या टॉर्चमध्ये उघडण्यासारखं काही नसतं. तशी असेल तर चार्जिंगचा भाग तेवढा बघा.

बिघाड कोणत्या भागात आहे ते ठरवा

सुरुवात सेलपासून. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मोदी नंबरच्या गल्ल्यांत कामापुरता डिजिटल मल्टिमीटर मिळतो, तो घरी असावाच. डीसी २० व्होल्टवर ठेवून सेल मोजा. अल्कलाइन सेल नवा असताना १.५ ते १.६ दाखवतो, १.२ च्या खाली आला की टॉर्चसाठी संपला, भिंतीवरच्या घड्याळात अजून चालेल. रिचार्जेबल एनआयएमएच सेल भरल्यावर १.३ ते १.४, अर्ध्यावर साधारण १.२ आणि रिकामा १.० असतो. लिथियम-आयन भरलेला ४.२, रिकामा ३.० च्या आसपास. तो २.५ च्या खाली गेला असेल तर परत चार्ज करू नका, बाद करा. एक सावधगिरी: साधा कार्बन-झिंक सेल मोकळा मोजला की १.५ दाखवतो आणि टॉर्चमध्ये घातला की लगेच खाली घसरतो. त्याचा आकडा धरू नका, खात्रीचा दुसरा सेल घालून बघा.

सेल चांगला निघाला तर मागचं झाकण पूर्ण काढा. आता नळीच्या मागे सेलचं ऋण टोक आणि नळीची उघडी कडा दिसेल. तांब्याच्या तारेचा तुकडा किंवा धातूचा चिमटा घेऊन एक टोक सेलच्या ऋण बाजूला आणि दुसरं नळीच्या चकाकत्या कडेला टेकवा. रंगाच्या थरावर टेकवून उपयोग नाही, तो थर वीज वाहत नाही. दिवा लागला तर डोकं (एलईडी असलेला पुढचा भाग) आणि सेल ठीक आहेत, बिघाड झाकणात आहे. नाही लागला तर डोक्याकडचा संपर्क किंवा आतलं सर्किट. लिथियम सेलवर हे करताना तार सेलच्या दोन टोकांना एकदम लागू देऊ नका. बाजूच्या बटणाच्या टॉर्चमध्ये झाकणात बटण नसतं, तिथे तार टेकवून धरायची आणि मग बटण दाबायचं.

एवढ्याने दिशा कळते. आता एकेक कारण.

खिशातच पेटून सेल संपतो

सेल संपलेला निघाला आणि तुम्ही टॉर्च फारशी वापरली नव्हती, तर पहिला संशय हाच. किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल, मोटरसायकलवर बसताना मांडीचा दाब: बटण दाबलं जातं आणि कापडाच्या आत उजेड दिसत नाही. कधी मांडीला ऊब लागते तेव्हा कळतं. पूर्ण प्रकाशावर अडकली तर खिशाला चटका बसेल इतकी तापते, म्हणून हा प्रश्न नुसत्या सेलच्या खर्चाचा नाही.

पडताळणी सोपी आहे. भरलेला सेल घाला आणि आठ दिवस टॉर्च लॉक करून खिशात ठेवा. पुढचे आठ दिवस लॉक न करता. पहिल्या आठवड्यात सेल टिकला आणि दुसऱ्यात उतरला तर चोर सापडला.

लॉक करायचे दोन मार्ग. बाजूचं इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर बहुतेक टॉर्चना बटणानेच लॉक होण्याची सोय असते, पद्धत कागदावर दिलेली असते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे झाकण पाव फेरा सैल करणं. पण ते आट्यांवर रंगाचा थर असेल तरच चालतं. आटे रंगाच्या थराने झाकलेले असतील तर वीज नळीच्या कडेतूनच जाते आणि पाव फेऱ्यात तुटते. आटे चांदीसारखे उघडे असतील तर वीज आट्यांतूनही जाते. कडा सुटली तरी दिवा लागतोच. पाव फेरा सैल करा, बटण पाच-सहा वेळा दाबा, झाकण आतल्या बाजूला रेटा. तरीही दिवा लागला तर तुमच्या टॉर्चला हा उपाय नाही.

डोकं फिरवून पेटणाऱ्या छोट्या एएए टॉर्चना याच जातीचा आजार असतो. डोकं जेमतेम सैल ठेवलं तर खिशातल्या दाबाने सेल पुढे टेकतो आणि ती पेटते. अर्धा फेरा मागे ठेवा, पण त्याहून जास्त नको, नाहीतर डोकं कुठेतरी पडून जाईल.

नवीन घेताना दुकानातच बटणावर अंगठा आडवा फिरवून बघा. बटण कड्याच्या आत बसलेलं असेल तर आडवा अंगठा ते दाबू शकत नाही. बाहेर आलेलं मागचं बटण दस्ताने घालून वापरायला बरं, खिशाला वाईट.

आटे, कडा आणि खिशातली धूळ

लुकलुकणं, हलकं ठोकल्यावर पेटणं, झाकण आवळल्यावर उजळणं: तिन्ही लक्षणं संपर्काची. सेलपासून एलईडीपर्यंत वाटेत चार-पाच जोड असतात, आणि एए टॉर्च पूर्ण प्रकाशावर एक ते दोन अँपिअर ओढते. दीड अँपिअरला ०.१ ओहमचा मळ म्हणजे ०.१५ व्होल्ट गायब. एनआयएमएचच्या १.२ व्होल्टमधून एवढं गेलं तर सर्किट अडखळणारच.

नागपूरकरांसाठी खास सूचना: खर्र्याची (तंबाखू, सुपारी आणि चुन्याच्या मिश्रणाची) पुडी आणि टॉर्च एका खिशात ठेवू नका. सुपारीचा भुगा चार्जिंगच्या भोकात जातो, तो काढता येतो. चुना मात्र ॲल्युमिनियमला खातो, आणि घामाने ओला झाला की लवकर खातो. आट्यांवर पांढरट खरखरीत डाग दिसत असतील आणि सेल फुटलेला नसेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. खर्रा न खाणाऱ्यांच्या खिशात दुपट्ट्याचे आणि रुमालाचे धागे असतात. ते झाकणाच्या आट्यांजवळच्या रबरी रिंगवर चिकटतात आणि तिथूनच पाणी आत शिरतं.

साफसफाई अशी. सेल काढा. जुन्या सुती बनियनचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करून दोन्हीकडचे आटे काळं निघेनासं होईपर्यंत पुसा. नळीच्या दोन्ही कडा नीट पुसा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. उघड्या ॲल्युमिनियमची कडा काळवंडली असेल तर पांढऱ्या खोडरबराने घासा. डोक्यातला मधला ठिपका आणि झाकणातली स्प्रिंग कानकाडीने पुसा. या दोन्हींवर बहुधा सोन्याचा पातळ मुलामा असतो, पॉलिश पेपर लावलात तर तो जातो आणि पुढच्या पावसाळ्यात आतला धातू गंजतो. स्प्रिंग दबून बसली असेल तर चिमट्याने दोन मिलिमीटर वर ओढा.

सुकल्यावर रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. आरओ फिल्टरच्या रिंगला लावतात तेच चालतं. आट्यांवर त्याचा जेमतेम हात फिरवा. कडेवर आणि स्प्रिंगवर अजिबात नको. व्हॅसलीन आणि गाडीचं ग्रीस टाळा, काही रबरं त्यांनी फुगतात आणि झाकण फिरवताना तुटतात. रिंग सपाट झाली असेल किंवा तिला चिरा असतील तर हार्डवेअरच्या दुकानात जुनी दाखवून तीच जाडी आणि तोच व्यास मागा. ही साफसफाई पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा केली की लुकलुकीची तक्रार बहुतेक परत येत नाही.

मागचं बटण

तारेच्या परीक्षेत झाकण दोषी ठरलं असेल तर आत बघा. बटणाचा छोटा संच एका धातूच्या चकतीने दाबून बसवलेला असतो आणि चकतीला दोन भोकं असतात. टॉर्च पडली की ही चकती सैल होते. टोकदार चिमट्याची दोन टोकं भोकांत घालून घड्याळाच्या दिशेने आवळा. ती हलेना तर जोर करण्याआधी उलट दिशेला जरा फिरवून बघा, काही झाकणांत उलटे आटे असतात. आवळल्यावर टॉर्च सुरू झाली तर काम झालं. नाही झाली तर बटण बदलावं लागेल. जुन्याचा व्यास आणि उंची मोजूनच नवं घ्या.

बंद असूनही सेल उतरतो

बाजूच्या बटणाच्या टॉर्चमध्ये सर्किट सतत जागं असतं, बटण कधी दाबलं जाईल याची वाट बघत. चांगल्या टॉर्चमध्ये हा प्रवाह ०.०५ मिलीअँपिअर किंवा त्याहून कमी असतो. महिन्याचा हिशोब: ०.०५ गुणिले २४ गुणिले ३० म्हणजे ३६ मिलीअँपिअर-तास. २००० च्या एए सेलमधून एवढं गेलं तर कळणारही नाही. पण तोच प्रवाह १ मिलीअँपिअर असेल तर महिन्याला ७२०, म्हणजे ८०० चा एएए सेल काहीही न वापरता महिन्यात रिकामा.

मोजण्यासाठी झाकण काढा, मीटर २०० मिलीअँपिअरवर ठेवा, एक टोक सेलच्या ऋण बाजूला, दुसरं नळीच्या कडेला. मीटर जोडलेला असताना टॉर्चचं बटण दाबू नका, आतला फ्यूज जाईल. प्रवाह जास्त निघाला तर सर्किट बदलता येत नाही. झाकण सैल ठेवायची सवय हाच उपाय. मागच्या यांत्रिक बटणाच्या टॉर्चमध्ये हा आजार नसतो, कारण बंद केल्यावर वाट खरोखर तुटते. महिनोन्महिने पडून राहणाऱ्या टॉर्चसाठी तसलंच बटण बरं.

सेल फुटून पांढरी पूड

स्वस्त कार्बन-झिंक सेलमध्ये जस्ताचा डबा हाच सेलचा एक भाग असतो. वीज देता देता तो विरघळत पातळ होतो आणि शेवटी गळतो. रिमोटमध्ये चालतो म्हणून तो टॉर्चमध्ये घालू नका. अल्कलाइन सेलही संपल्यावर तसाच पडून राहिला की गळतो. त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी पूड होते. ती लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने ओल्या कानकाडीने पुसा, मग पाण्याने ओल्या काडीने, मग अल्कोहोलने, आणि एक दिवस उघडी वाळू द्या. कार्बन-झिंकची गळती आम्लधर्मी असते, तिला खायच्या सोड्याचं पाणी. दोन्ही वेळा हातात मोजे घाला, आणि लिंबू नळीत मुरत ठेवू नका, ॲल्युमिनियमला तेही सोसत नाही.

सेल फुगून नळीत अडकला असेल तर एकदा लाकडावर आपटून बघा. ड्रिल लावून काढायच्या भानगडीत पडू नका, लिथियम असेल तर मुळीच नाही.

मे महिन्यात आपोआप मंद होते

ही तक्रार एप्रिल उजाडला की वाढते आणि यात बहुतेकदा बिघाड नसतोच. टॉर्च तापली की सर्किट प्रकाश कमी करतं. समजा ती ५५ अंशांवर आवर घालते. हवा २५ अंश असेल तर उष्णता बाहेर टाकायला ३० अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यातल्या रात्री हवा ३५ असेल तर २० चाच. उष्णता बाहेर जाण्याचा वेग या फरकावर ठरतो, म्हणून तीच टॉर्च जानेवारीत टिकवते तेवढा प्रकाश मे महिन्यात टिकवू शकत नाही. खोक्यावरचा १००० लुमेनचा (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) आकडा लहान टॉर्चमध्ये तसाही मिनिट-दोन मिनिटांचाच असतो. मधल्या पायरीवर वापरा, तक्रार राहणार नाही.

खरा धोका साठवणीचा आहे. उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर तापमान ७० च्या घरात जातं, स्कूटरची डिक्कीही फार मागे नसते. लिथियम-आयन सेल अशा उष्णतेत झपाट्याने म्हातारा होतो. गाडीत टॉर्च ठेवायचीच असेल तर सीटखाली ठेवा आणि त्यात एकदाच वापरायचे लिथियम एए सेल घाला. ते ६० अंशांपर्यंत चालतात आणि गळण्याचा धोका फार कमी. महाग आहेत, पण एकदा घालून विसरता येतात.

चार्जिंग होत नाही

यूएसबी-सी भोकाच्या बऱ्याच स्वस्त टॉर्च नव्या मोबाइल चार्जरवर चार्ज होत नाहीत आणि लोक त्या परत करतात. कारण एवढंच: दोन्ही टोकं सी असलेली केबल लावली की चार्जर समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर शोधतो आणि ते सापडल्याशिवाय वीज सोडत नाही. बनवणाऱ्याने ते वाचवलेले असतात. जुना चौकोनी तोंडाचा चार्जर आणि ए-ते-सी केबल लावा, चार्ज होईल. तरीही नाही झाली तर भोकातला कचरा लाकडी टूथपिकने काढा, सुई नको.

बाहेरून तापून आलेली टॉर्च लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम सेलची चार्जिंगची मर्यादा साधारण ४५ अंश आहे, आणि कूलर बंद असलेली मे महिन्यातली खोली दुपारी चाळिशी ओलांडते. रात्री किंवा सकाळी लावा. कूलरच्या थेट झोतात भोक उघडं ठेवून मात्र लावू नका, त्या हवेत पाण्याचे कण असतात.

सेल चुकीचा घातला

१४५०० आणि एए सेल दिसायला सारखे, पण एक ३.७ व्होल्टचा आणि दुसरा १.५ चा. १.५ साठीच बनलेल्या टॉर्चमध्ये १४५०० घातला तर एकदा झगझगीत उजेड पडतो आणि सर्किट कायमचं जातं. टॉर्चच्या कागदावर १४५०० हा आकडा स्पष्ट लिहिला असेल तरच घाला. एएएच्या मापाच्या १०४४० लाही हेच लागू. संरक्षक सर्किट लावलेला सेल दोन-तीन मिलिमीटर लांब असतो; झाकण पूर्ण बसत नसेल तर कारण तेच.

१८६५० सेलवर ९९०० लिहिलं असेल तर तो खोटा आहे. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये २५०० ते ३५०० मावतात आणि त्याचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. सोनाराच्या किंवा किचनच्या काट्यावर ३० भरला तर आत काय आहे ते विचारू नका. सुटा सेल खिशात नाण्यांबरोबर ठेवू नका, प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

नवीन घेताना

रोजच्या खिशासाठी आमचं मत एका एए सेलच्या टॉर्चला आहे: एनआयएमएच सेल, आत बसलेलं बटण, खोल बसणारी क्लिप. तिची जाडी १८ ते २० मिलिमीटर असते. एएए टॉर्च १४-१५ मिलिमीटर, शर्टाच्या खिशात पेनासारखी राहते, पण सेल लहान आणि क्षमता एएच्या निम्म्याहूनही कमी. १८६५० वाली उजेडाला दमदार, पण पँटच्या खिशात तिचा जाच होतो आणि जाच झाला की ती घरी राहते.

लुमेनच्या मागे लागू नका. कुलूप, मीटरची पेटी, झोपलेल्या घरात पाणी प्यायला उठणं यासाठी ५ ते १५ लुमेन. पावसाळ्यात हिंगणा किंवा कामठीकडच्या कच्च्या वाटेवर साप-विंचू बघत चालायला ५० ते १५० आणि रुंद झोत. दूरचा टोकदार झोत पायापुढचं दाखवत नाही. खोक्यावर २०० मीटर लिहिलेलं असतं ते ०.२५ लक्स उरेल इतक्या अंतराचं, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. ओळखण्याजोगं दिसतं त्याच्या निम्म्या अंतरावर. चालण्याचे तासही प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजलेले असतात. वायरिंगचं काम असेल तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९० च्या पुढचा दिवा घ्या, साध्या निळसर उजेडात लाल आणि तपकिरी वायर सारखीच दिसते. पाण्यासाठी आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. डोकं पुढे-मागे सरकवून झोत बदलणाऱ्या टॉर्चच्या पाणीरोधकतेवर विश्वास ठेवू नका.

सगळं करूनही तारेच्या परीक्षेत दिवा लागला नाही, डोक्यातला ठिपका स्वच्छ आहे आणि सेल भरलेला आहे, तर सर्किट गेलं. खिशातल्या टॉर्चमध्ये डोकं बहुधा चिकटवलेलं असतं आणि ते उघडायची मजुरी नव्या टॉर्चच्या किमतीला जाते. नळी, झाकण, क्लिप आणि रिंग ठेवून द्या, त्याच मॉडेलला उपयोगी पडतात. बाद लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकला तर तो गाडीत दाबला जाऊन पेटू शकतो, नाहीतर भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊन.